युनिफॉर्मचं बिल एवढं का येतं? जरा उलगडून बघू

एप्रिलमध्ये सीबीएसईवाल्यांचं शाळेचं वर्ष सुरू होतं आणि जूनमध्ये स्टेट बोर्डवाल्यांचं, म्हणजे पुण्यात आता युनिफॉर्म खरेदीचे दोन दोन सीझन झालेत, आणि दोन्ही वेळेला सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेच चालतं. आधी बिलाचा फोटो, मग रडके इमोजी, मग कोणीतरी लिहितं "शाळेला कमिशन असतं हो", आणि विषय तिथेच संपतो. कमिशन असेलही. पण उद्या शाळेनं एक रुपयाही घेतला नाही तरी ते बिल फारसं खाली येणार नाही, कारण पैसा दुसऱ्याच ठिकाणी मुरतोय. कुठे ते बघू.

आधी दोन आकडे. सरकारी शाळांसाठी समग्र शिक्षा नावाची केंद्राची योजना आहे, २०१८ ची, त्यात एका मुलाला वर्षाला दोन गणवेश आणि त्यासाठी ६०० रुपये, म्हणजे एका जोडाला ३००. पहिली ते आठवी, मुली सगळ्या, आणि मुलग्यांपैकी फक्त एससी, एसटी आणि दारिद्र्यरेषेखालचे. बाकीची मुलं त्यात बसत नव्हती, म्हणजे एकाच बाकावरच्या दोघांपैकी एकाला फुकट आणि दुसऱ्याला नाही असला प्रकार होता, मग २०२३ ला महाराष्ट्र सरकारनं आपल्या खर्चानं राहिलेल्या मुलांनाही घेतलं आणि वर बूट-मोज्यांसाठी १७० रुपये ठेवले. १७० रुपयात बूट आणि मोजे. तुळशीबागेत जाऊन बघा काय येतं ते.

दुसरा आकडा खासगी शाळेचा. हा मी समजण्यापुरता मांडतोय, तुमच्या शाळेचे रेट वेगळे असतील. समजा चौथीतला मुलगा आहे, इंग्लिश मीडियम. शर्ट ४५० चा, हाफ पँट ५००, असे दोन जोड म्हणजे १९०० झाले. पीटीचा टीशर्ट ४०० आणि ट्रॅक पँट ५५०. हाउसचा, म्हणजे शाळेत मुलांचे जे गट पाडतात त्या गटाचा, रंगीत टीशर्ट ३५०. स्वेटर ७००. काळे बूट ७००, पांढरे ६००. मोज्यांचे चार जोड ३२०. टाय-बेल्ट २५०. बेरीज ५७७० रुपये, आणि दप्तर, रेनकोट, डबा अजून यात धरलेलेच नाहीत. घरात दोन मुलं असली की साडेअकरा हजार, आणि तेही त्याच महिन्यात ज्या महिन्यात फीचा पहिला हप्ता, पुस्तकं आणि व्हॅनचे पैसे जातात.

म्हणजे सरकार म्हणतं एक जोड ३०० मध्ये होतो आणि दुकान म्हणतं ९५० लागतात. खरी किंमत या दोघांच्या मध्ये आहे, आणि कुठे आहे ते कळायला कापडापासून सुरुवात करावी लागते.

शाळेच्या शर्टाचं कापड बहुतेक वेळा पॉलिएस्टर-कॉटन नाहीतर पॉलिएस्टर-व्हिस्कोस असतं. शुद्ध कॉटन अंगाला बरं पण ते विटतं, आटतं, रोज इस्त्री मागतं आणि पुण्याच्या जुलैमध्ये दोन दिवस वाळत नाही. पॉलिएस्टर जास्त असलं की स्वस्त, टिकाऊ, रात्री धुतलं तर सकाळी घालता येतं, फक्त उन्हाळ्यात मूल आतून उकडून निघतं. हे असलं कापड राजस्थानात भिलवाड्याला ढिगानं बनतं, आणि तयार युनिफॉर्म शिवण्यात आपलं सोलापूर मोठं आहे, चादरीच्या बरोबरीनं तिथे युनिफॉर्मचाही मोठा धंदा चालतो. रविवार पेठेत कापडगंजात गेलात तर साध्या पांढऱ्या आणि नेव्ही ब्लूचे तागेच्या तागे पडलेले दिसतील, कारण ते हजार शाळांना चालतं. जे हजार शाळांना चालतं ते स्वस्त असतं, कोणाकडेही मिळतं आणि भावात घासाघीस होते.

आता शाळेनं ठरवलं की आपली ओळख वेगळी हवी. मग येतात चेक्स. मरून-राखाडी चेक्स, त्यात एक बारीक पिवळी रेघ, आणि ती रेघ दुसऱ्या कुठल्याच शाळेच्या कापडात नसते. असं कापड बाजारात तयार मिळत नाही, ते मिलला ऑर्डर देऊन विणून घ्यावं लागतं, आणि मिल थोडक्यासाठी माग लावत नाही, ठराविक मीटरच्या वरच ऑर्डर घेते. म्हणजे शाळा उघडायच्या चार-पाच महिने आधी कोणीतरी पैसे घालून ते तागे उचलायचे. हे शाळा करत नाही, दुकानदार करतो. तो का करेल? शाळेनं त्याला सांगितलं असेल की बाबा हे कापड तुझ्याशिवाय कोणाकडे मिळणार नाही, तरच.

इथे दुकानदाराची बाजूही बघायला हवी, कारण आपण त्याला सरळ चोर म्हणून मोकळे होतो. साइज २२ पासून ४० पर्यंत, दोन-दोनच्या फरकानं, म्हणजे दहा साइज. त्यात शर्ट हाफ आणि फुल, हाफ पँट, फुल पँट, स्कर्ट, पिनो, वर पीटीचे चार हाउसचे चार रंग. एका शाळेसाठी सहज शंभरच्या आसपास वेगवेगळ्या वस्तू कपाटात लागतात आणि प्रत्येकीचा पुरेसा स्टॉक, कारण ३० साइज संपला म्हणून मूल पहिल्या दिवशी रंगीत कपड्यात गेलं तर शिव्या त्यालाच बसणार. आणि हे सगळं विकलं जायचं पाच-सहा आठवड्यांत, बाकी वर्षभर गोडाऊनचं भाडं चालूच. त्यातून शाळेनं पॅटर्न बदलला तर उरलेला माल रद्दी, ती मरून चेक्स दुसरं कोणी घेणार नाही. ही सगळी भीती तो किमतीत धरतो. म्हणजे आपण शर्टाच्या पैशात कापड, शिलाई, काज-बटण यांच्याबरोबर न विकल्या जाणाऱ्या मालाचा विमाही भरत असतो, फक्त बिलावर तसं लिहिलेलं नसतं.

पण भीतीचे पैसे किती आणि हावेचे किती हे बाहेरून कळायला मार्ग नाही, कारण शेजारी दुसरं दुकानच नाही. लक्ष्मी रोडला साडी घेताना आपण चार दुकानं चढतो, पाचव्यात घेतो, आणि दुकानदारालाही माहीत असतं की हे गिऱ्हाईक उठून जाऊ शकतं. युनिफॉर्मच्या दुकानात आपण उठून जाऊ शकत नाही. हे मंगल कार्यालयासारखं आहे, हॉल आमचा हवा असेल तर केटररही आमचाच घ्यायचा, मग ताटाचा भाव काय लावतात ते तुम्हाला माहीतच आहे. अर्थशास्त्रात याला टाय-इन म्हणतात, आणि आपल्या स्पर्धा कायद्यात, २००२ च्या, कलम ३ मध्ये त्याचा उल्लेख आहे: एक गोष्ट देताना दुसरी माझ्याकडूनच किंवा मी सांगेन त्याच्याकडूनच घे असं बंधन घातलं आणि त्यानं स्पर्धेला धक्का बसला तर तो करार चालत नाही. कायदा आहे हो, पण एका शर्टाच्या दीडशे रुपयांसाठी दिल्लीला स्पर्धा आयोगाकडे कोण जाणार, हाच तर प्रश्न आहे.

आणि सक्ती कागदावर कुठेच नसते. शिक्षण विभागाकडून अधूनमधून पत्रक निघतं की शाळांनी ठराविक दुकानाची सक्ती करू नये, सीबीएसईनंही २०१७ ला शाळांनी पुस्तकं-युनिफॉर्मचा धंदा करू नये म्हणून पत्रक काढलं होतं (त्याला पुढे दिल्ली हायकोर्टात आव्हानही दिलं गेलं). शाळेनं पत्रक वाचलेलं असतं. म्हणून ती "सक्ती" लिहितच नाही, ती लिहिते "उपलब्धता". पालकांच्या सोयीसाठी युनिफॉर्म अमुक ठिकाणी उपलब्ध आहे, एवढंच. बाहेरून शिवून घ्या ना, कोण नाही म्हणतंय, फक्त ते चेक्स आणि खिशावरचा भरतकाम केलेला लोगो तेवढा आणा कुठून तरी.

तो लोगो हीच खरी चावी आहे, कापडापेक्षा जास्त. वरच्या ५७७० च्या यादीकडे परत बघा. लोगो कशावर आहे? दोन शर्ट, पीटीचा टीशर्ट, हाउसचा टीशर्ट, स्वेटर, टाय-बेल्ट. ९०० अधिक ४०० अधिक ३५० अधिक ७०० अधिक २५०, झाले २६००. उरलेले ३१७० रुपये, म्हणजे साध्या नेव्ही ब्लू पँटी, ट्रॅक पँट, बूट, मोजे, यावर शाळेचं नाव नसतं, या वस्तू कुठूनही घेता येतात. तरी आपण तिथूनच घेतो, कारण काउंटरवरचा माणूस इयत्ता विचारतो आणि पूर्ण सेट बांधून समोर ठेवतो, मागे लाइन लागलेली असते, मूल कंटाळलेलं असतं, आणि "मोजे नको, पँट एकच द्या" म्हणायला उगाच कसंतरी वाटतं. लाज सोडा आणि म्हणा. बिल अर्ध्यावर येऊ शकतं.

साइजवरून आणखी एक. दुकानात भाव साइजप्रमाणे चढतात, प्रत्येक नंबरला दहा-वीस रुपये. साधारण सहा ते दहा वयात मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं, पुढे वयात येताना मुली आधी आणि मुलगे नंतर एकदम उसळी घेतात. म्हणजे पाचवी ते आठवी ही सगळ्यात महागडी वर्षं, कपडा फाटायच्या आधी आखूड होतो. आपल्या आया उगाच वाढत्या अंगाचे घेत नव्हत्या. पण पूर्वी शिवलेल्या पँटीला खाली तीन बोटं दुमड असायची, दर वर्षी उसवून खाली सोडायची, पट्ट्यात मागे शिवणीत कापड ठेवलेलं असायचं. आता रेडिमेडमध्ये ते सगळं ओव्हरलॉक करून कापून टाकलेलं असतं, कारण आत ठेवलेलं कापड म्हणजे कारखान्याला तेवढं नुकसान. घेताना पँट उलटी करून शिवण बघा, एक-दीड इंच जरी सोडलेलं असेल तर तीच घ्या, दोन-पाच रुपये जास्त असले तरी.

जीएसटीबद्दल बरेच गैरसमज आहेत म्हणून थोडक्यात. युनिफॉर्मला वेगळी सूट नाही, तो साधा तयार कपडाच धरतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आहे. आधी ही मर्यादा हजाराची होती, त्याच्यावर १२ टक्के, म्हणजे फरक पडला असेल तर ब्लेझरला, शर्टाला नाही. बुटांना मात्र पडला, हजाराच्या आतल्या बुटांना आधी १२ टक्के होता तो ५ झाला. दुकानदार "टॅक्स वाढला ना" म्हणाला तर हे त्याला सांगा.

आता कोणी म्हणेल, एवढी कटकट कशाला, सरकारनंच सगळ्यांना एकसारखा शिवून द्यावा. हा प्रयोग आपल्याकडे झालाय. २०२४-२५ मध्ये "एक राज्य एक गणवेश" आणलं. आधी काय व्हायचं, की शाळा व्यवस्थापन समितीकडे पैसे यायचे, या समितीत आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं तीन चतुर्थांश पालक असतात, ती गावातल्याच दुकानातून नाहीतर शिंप्याकडून घ्यायची. ते बदलून कापड राज्यपातळीवर एकदम घेतलं आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांना दिली, एका गणवेशाला शंभर रुपये शिलाई आणि दहा रुपये वरखर्च. कागदावर एकदम बरोबर, चाळीस लाखांहून जास्त मुलं, घाऊकात घेतलं की स्वस्त पडणारच. झालं काय, तर शाळा जूनमध्ये उघडल्या आणि पंधरा ऑगस्टलाही कित्येक शाळांत गणवेश पोचले नव्हते, जिथे पोचले तिथे मापं जुळेनात, कोणाला शर्ट गुडघ्यापर्यंत तर कोणाची पँट चढेचना. मुलांची मापं न घेता साइजच्या अंदाजानं कापलेलं कापड इतक्या लांबून आलं तर दुसरं काय होणार. त्यात शंभर रुपयात एक पूर्ण जोड शिवायचा म्हणजे त्या बायकांच्या हातात दिवसाला काय पडत असेल. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून खरेदी परत शाळा समित्यांकडे गेली.

म्हणजे बघा, खासगीत स्पर्धा नाही म्हणून महाग आणि सरकारीत ३०० च्या चौकटीत बसवायचं म्हणून हाल. २०१८ ला ठरलेले ते ६०० रुपये २०२१ ला योजना पुढे वाढवली तेव्हाही तेवढेच राहिले, तोवर सुताचे, शिलाईचे, एसटीनं पार्सल आणायचे भाव कुठल्या कुठे गेले होते. पुणे महापालिकेच्या शाळांत थेट पालकांच्या खात्यात पैसे द्यायची डीबीटीची पद्धत आहे, तत्त्व म्हणून मला ती पटते, माप आपलं आपण घ्यावं, पण पैसे शाळा सुरू झाल्यावर येणार असतील तर आईला आधी उसनवारी करून कपडे घ्यावेच लागतात, मूल काही खात्यात पैसे जमा होईपर्यंत घरी बसत नाही.

यात सगळ्यात जास्त कोण अडकतं माहितीये? मधले. पेठांमधल्या जुन्या अनुदानित मराठी शाळांत शिकणारी मुलं, ज्यांचे आईवडील मनपा शाळेतल्यांपेक्षा फार वेगळे कमावत नाहीत, त्यांना पाठ्यपुस्तकं मिळतात पण सरकारी गणवेश नाही, कारण तो फक्त शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांना. आणि दुसरे आरटीईच्या राखीव २५ टक्के जागांतून इंग्लिश मीडियमला गेलेले. फी माफ असते, लॉटरीत नंबर लागला म्हणून घरात पेढे वाटलेले असतात, आणि मग युनिफॉर्मची यादी हातात येते जी त्या शाळेच्या बाकी पालकांच्या पगाराकडे बघून बनवलेली असते. आरटीई कायद्याच्या कलम ३ मध्ये स्पष्ट आहे की जी फी किंवा खर्च आला की मुलाचं शिक्षण थांबेल असा कुठलाही भार टाकायचा नाही. पण दुकानातलं बिल शाळेचं नसतंच ना, ते दुकानाचं असतं. इथे परत तीच "उपलब्धता".

केंद्राच्या २०२५ च्या शिक्षण खर्चाच्या सर्वेक्षणात सरकारी शाळेतल्या मुलामागे वर्षाला सरासरी २,८६३ रुपये खर्च निघाला आणि बाकीच्या शाळांत २५,००२. हा पूर्ण देशाचा आकडा आहे आणि त्यात फी, पुस्तकं, गणवेश, प्रवास सगळं आलं. तो २,८६३ नीट बघा. ज्या घराचं मुलाच्या शिक्षणाचं वर्षाचं बजेट तेवढं आहे, तिथलं मूल आरटीईतून गेलं तर वरच्या हिशोबातला नुसता युनिफॉर्म त्याच्या दुप्पट होतो.

बाहेर काय करतात? उत्तर प्रदेशच्या २०१८ च्या फी कायद्यात लिहिलंय की सलग पाच वर्षं युनिफॉर्म बदलायचा नाही आणि ठराविक दुकानाची सक्ती नाही. इंग्लंडमध्ये २०२१ ला खास युनिफॉर्मच्या खर्चावर कायदा केला, लोगो असलेल्या वस्तू कमीत कमी ठेवा, जुने कपडे मिळायची सोय करा, असं शाळांना सांगितलं. आपल्याकडे २०११ चा फी नियमन कायदा आहे, त्यात पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असते, फीवाढीचा प्रस्ताव वर्ष सुरू व्हायच्या सहा महिने आधी तिच्यापुढे ठेवावा लागतो. दुकानातलं बिल तिच्यापुढे येत नाही. पण समिती तर आहे ना, पालक तर तिथे बसलेले असतात ना.

म्हणून वेळ महत्त्वाची. एप्रिल-मेमध्ये ग्रुपवर भांडून काही उपयोग नाही, तेव्हा तागे विणून, कापून, शिवून दुकानात लागलेले असतात आणि दुकानदाराचे पैसे अडकलेले असतात, शाळेनं मनात आणलं तरी बदलता येत नाही. पुढच्या वर्षाचं कापड दिवाळीनंतर ठरतं, म्हणजे विषय काढायचा तो ऑगस्ट-सप्टेंबरच्या मीटिंगला, जेव्हा कोणालाच युनिफॉर्म आठवत नसतो. आणि "भाव कमी करा" असं मागू नका, त्यावर "क्वालिटी बघा मॅडम" हे उत्तर तयार असतं. वस्तू मागा. लोगो शर्टावर भरण्याऐवजी शिवून लावायचा सुटा बिल्ला शाळेनं ऑफिसमध्ये विकावा, मग शर्ट कुठलाही पांढरा चालेल, बुधवार पेठेतला किंवा कोपऱ्यावरच्या शिवणाऱ्या काकूंकडचा. हाउसचा टीशर्ट बंद करून त्या रंगाचा नुसता रिबन-बॅज द्यावा. पीटीच्या दिवशी खाली साधी काळी ट्रॅक पँट चालेल असं लिहून द्यावं. पॅटर्न पाच वर्षं बदलणार नाही हेही लिहून घ्यावं, कारण बदलला की थोरल्याचे धाकट्याला होत नाहीत आणि शेजारच्या ताईचा स्कर्टही वाया जातो. या चारही गोष्टींना शाळेचा एक पैसा खर्च होत नाही, त्यामुळे नाही म्हणायला कारण शोधावं लागतं.

दुकानापुरतं बोलायचं तर बिल मागा, पक्कं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. पहिल्याच धुण्यात रंग गेला, शिवण उसवली, तर "एकदा विकलेला माल परत नाही" ही पाटी दाखवून भागत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावता येतो. माप चुकीचं घेतलं असेल तर मात्र तो दोष आपला, ते बदलून देणं दुकानदाराच्या मर्जीवर, म्हणून लेबल काढायच्या आधी घरी एकदा मुलाला घालून, हात वर करायला लावून आणि खाली बसवून बघा.